एका शून्यापायी गेलेला रविवार

आई म्हणाली, "पोहे निवले रे," तेव्हा पावणेअकरा वाजले होते आणि मी एका शून्याच्या मागे लागलो होतो.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेसाठी आमचं एक छोटं पॅकेज आहे, तिघं मिळून सांभाळतो. पायथन ३.९ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्येच संपला, म्हटलं आज काढून टाकू. टेस्टच्या यादीत किमान व्हर्जन म्हणून ३.१० लिहिलं, तर सर्व्हर म्हणतो ३.१ सापडत नाही! अवतरणचिन्हं राहिली होती. यामल फाइलला (सेटिंग्ज लिहायची साधी फाइल) तो दशांश अपूर्णांक वाटला नि शेवटचं शून्य गळालं. गणिताच्या बाई खूश झाल्या असत्या.

मग जुनं दुखणं. डिस्टयूटिल्स, म्हणजे पायथनसोबत येणारं पॅकेज बांधायचं जुनं साधन, ३.१२ मधून (२०२३) गेलं, इशारे ३.१० पासूनच येत होते, ते लॉगमध्ये दाबून ठेवणारा मीच. त्याच्या जिवावर व्हर्जनची तुलना करणाऱ्या आमच्या चार ओळी बदलल्या. ३.१३ मध्ये सीजीआय वगैरे जुने भाग गेले, त्यांच्याशी आमचा संबंध नव्हता, सुटलो.

संध्याकाळी सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास. लगेच एकाचा मेसेज: "आमच्याकडे अजून ३.८ आहे, चालेल का?"

चालेल बाबा. पॅकेजमध्ये किमान व्हर्जन नीट लिहिलंय, पिप (पॅकेज उतरवून बसवणारं साधन) तुला गुपचूप जुनं रिलीज देईल. फक्त त्यातले बग मला कळवू नकोस.