मामीची उन्हाळ्याची सुट्टी

मामाच्या गावाच्या आठवणी लोक फार लिहितात. आमराई, विहीर, आजीच्या हातचा रस, सगळं असते त्यात. मामी मात्र कुठंच नसते, असली तर चुलीपाशी असते. म्हटलं आपणच लिहून टाकावं, कारण या मे महिन्यात मी सतरा दिवस मामी होते, तेही फुलटाइम.

आमचं गाव तिवसा तालुक्यात, अमरावती जिल्हा, वर्धा नदी गावापासून जवळच. घरात माझी दोन, मोठा आठ वर्षांचा आणि लहानी साडेचारची, त्यात पुण्याहून नणंदेची दोन आली, भाची दहाची आणि भाचा सहाचा. ताई दोन दिवस राहून परत गेल्या, रजाच नव्हती त्यांना. भाच्यानं चप्पल काढायच्या आधी विचारलं, मामी इथं एसी कुठंय. मी कुलर दाखवला, म्हटलं हा आपला एसी, फक्त याला पाणी पाजावं लागते. त्याला ते इतकं पटलं की दुसऱ्या दिवसापासून बादली घेऊन तोच उभा. पण प्लग मी स्वतः काढल्याशिवाय कोणालाही कुलरजवळ जाऊ द्यायचं नाही हा आमच्या घरचा कायदा आहे, दर उन्हाळ्यात कुलरचा करंट लागल्याची बातमी पेपरात असतेच, आणि ओल्या हातानं लोखंडी पत्र्याला हात लावणारं लेकरूच असते.

आता पुण्यामुंबईकडच्यांना एक गोष्ट समजावून सांगावी लागते. आमच्याकडं उन्हाळ्यात फिरायचं म्हणजे कुठं जायचं हा प्रश्न नसते, किती वाजता जायचं हा असते. सकाळी पाच ते नऊ, नाहीतर संध्याकाळी सहानंतर. मधले नऊ तास दार लोटून घरात. पारा 44, 45 ला गेला की रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. 25 मे च्या आसपास सूर्य रोहिणीत गेला की नवतपा लागते, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, मग तर विचारूच नका. म्हणूनच बाकी महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यात उघडतात आणि आमच्याकडं जूनच्या शेवटी. माझा मोठा हे भाचीला असं सांगत होता जसं काही त्यानंच मंत्रालयातून ऑर्डर काढली.

दुसरी अडचण म्हणजे आमचे हे. कृषी केंद्र आहे आमचं, मे संपत आला की बियाण्याची गर्दी सुरू होते आणि मग हा माणूस घरात फक्त जेवायला दिसते, तेही रोज नाही. म्हणजे जे काही फिरायचं ते 20 मे च्या आत, आणि सकाळी नऊच्या आत. एवढ्या फटीत चार लेकरं बसवायची.

पहिली सकाळ डांगरवाडीची. नदीचं पाणी उतरलं की डिसेंबर जानेवारीत रेतीत नाल्या खणून, शेणखत टाकून टरबूज, डांगरं म्हणजे खरबुजं, काकड्या लावतात, आणि पहिला पूर येईपर्यंत ती वाडी जगते. ओळखीच्या एका काकांची वाडी आहे, कपाशीच्या पऱ्हाट्या अन् गोणपाटाची झोपडी, तिथंच रात्री झोपतात ते, नाहीतर रानडुकरं सगळं उलथवून टाकतात. आम्ही साडेपाचला पोचलो, रेती अजून थंड होती, चौघांनी चपला फेकल्या आणि पळत सुटले. भाचीनं डांगर कसं पिकलं ते ओळखायचं कसं विचारलं तर काका म्हणाले, "नाकानं ओळखायचं बाई, डोयानं नाही." मग चौघंही वाकून वाकून प्रत्येक डांगराचा वास घेत फिरले. भाच्यानं एक कच्चं तोडलं, काकांनी काही म्हटलं नाही, मीच मेले शरमेनं. आता वाड्या पहिल्यासारख्या राहिल्या नाहीत, काका म्हणत होते रेतीच राहिली नाही तर डांगर काय गोट्यात लावू काय. रेती उपसलेले खड्डे आहेत ना, ते फार वाईट. वरून पाणी घोट्याएवढं वाटते आणि पुढच्या पावलाला पुरुषभर खोल. त्यामुळं नदीत उतरायचं नाही म्हणजे नाही, कितीही रडा. रडले. मी ऐकलं नाही.

डुंबायची हौस शेतातल्या हौदावर फेडली. तिथं अडचण वेगळी, मोटरची थ्री फेज लाईन, म्हणजे वीज, कधी दिवसाची पाळी असते तर कधी रात्रीची, त्या आठवड्यात नेमकी सकाळची होती म्हणून जमलं. मोटर सुरू झाली आणि पाइपातून बोरचं पाणी धो धो पडायला लागलं की लेकरांच्या तोंडून जो आवाज निघते ना तो कुठल्या वॉटरपार्कमधे निघत नसेल. भाचा पाइपाच्या तोंडाशी डोकं धरून बसला, ओठ निळे पडले तरी निघायला तयार नाही, बाहेर ऊन चढत होतं आणि हा कुडकुडत होता. एक बाबाजी बैलबंडी घेऊन चालले होते, थांबून म्हणाले, "कोनाचं व्हय हे पोट्टं, थंडीनं मरून राहिलं मे महिन्यात."

दुपारचं काय करायचं हा खरा प्रश्न. टीव्ही मोबाइल आहेच, मी काही साधू नाही, दोन ते चार मीही झोपते. पण या वेळी नेमका कुरड्यांचा आठवडा होता. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून गाळून चीक खाली बसू द्यायचा, आणि पहाटे चुलीवर शिजवायचा. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, वर्षानुवर्षं हे एकट्या करत आल्या, या वेळी चार मजूर भेटले. मजूर कसले, मुकादमच. ताटात गरम चीक, त्यावर तूप अन् साखर, हे भाचीनं आयुष्यात पहिल्यांदा खाल्लं आणि मग रोज पहाटे चार वाजता न उठवता उठून चुलीपाशी बसायला लागली. साच्यातून कुरडई घालायला तिला जमली. माझ्या मोठ्याला नाही जमली, त्याच्या कुरड्या शेणाच्या पोसारख्या दिसत होत्या असं आईच म्हणाल्या, मी नाही. गच्चीवर साडीच्या कपड्यावर वाळत टाकल्या की कावळे हाकलायची ड्युटी लागायची, सकाळी सात ते साडेआठ, डोक्याला दुपट्टा बांधून. कावळ्यांनी फार काही नेलं नाही. राखणदारांनीच अर्ध्या ओल्या कुरड्या उचलून उचलून खाल्ल्या, ते मला नंतर कळलं.

एका सकाळी कौंडण्यपूरला गेलो. रुक्मिणीचं माहेर, भीष्मक राजाची राजधानी, आणि अंबिकेच्या दर्शनाला आली असताना कृष्णानं तिला इथूनच पळवून नेलं असं सांगतात. दर वर्षी आषाढीसाठी इथून रुक्मिणीची पालखी पायी पंढरपूरला जाते, विदर्भातून, म्हणजे किती लांब ते नकाशात बघा. भाचीला मी म्हटलं, तुझी आई इथली, लग्न होऊन पुण्याला गेली, तशीच ही. ती जरा विचार करून म्हणाली, म्हणजे आई पण पळून गेली होती? मंदिराच्या ओट्यावरच्या दोन बायका इतक्या हसल्या की मला खाली बघावं लागलं. नऊला परत निघालो, वाटेत रसवंतीवर उसाचा रस, बर्फ नको म्हणून मी चारदा सांगितलं आणि चौथ्या ग्लासात बर्फ होताच.

गुरुकुंज मोझरी तर घराजवळच, तिथं संध्याकाळी नेलं. तुकडोजी महाराजांनी 1935 मधे हा आश्रम उभा केला, महासमाधी तिथंच आहे, आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना होते. मला वाटलं लहानी पाच मिनिटात कंटाळेल. सगळे एका रांगेत, एका लयीत बसलेले पाहून ती पण मांडी घालून डोळे मिटून बसली, बसली म्हणजे झोपली. खांद्यावर टाकून आणली. आबाजी, म्हणजे माझे सासरे, तरुणपणी खंजिरी वाजवत भजनात जायचे, त्या रात्री त्यांनी खुंटीवरची खंजिरी काढून भाच्याच्या हातात दिली. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरी दुपारची झोप संपली.

आणि चिखलदरा. यांनी शेवटपर्यंत टाळलं, म्हणे शंभरावर किलोमीटर, जुनी व्हॅन, चार पोरं. मी म्हटलं पुण्याची लेकरं महाबळेश्वर पाहून आली, त्यांना विदर्भातही थंड हवेचं ठिकाण असते हे दिसू द्या की. पहाटे साडेतीनला निघालो. आईंनी दारातून विचारलंच, "काऊन वं, एवढ्या रातीचं लेकराइले घेऊन पऊन चालले काय कुठी?" परतवाडा सोडलं तेव्हा उजाडलं, आणि पुढं घाट लागला तशी माझी लहानी पांढरी पडली. मी दोन पिशव्या हातात धरून तयार होते. ओकली मात्र भाचीच, तीही पिशवीत नाही. रस्त्यात एका पंपावर थांबून धुवावं म्हटलं तर बायकांच्या बाथरूमला कुलूप, चावी म्हणे ज्याच्याकडं असते तो आला नाही. बाटलीतल्या पाण्यानं रस्त्याच्या कडेला ती पोर धुतली मी.

पण वर पोचलो आणि खिडकीतून गार हवा आली. 1,118 मीटर उंची आहे चिखलदऱ्याची, खाली आमच्याकडं भट्टी पेटलेली आणि इथं सकाळी लहानीला माझा पदर गुंडाळावा लागला. देवी पॉइंटला खडकातून पाणी झिरपते, त्याखाली चौघांनी तोंडं आ करून ठेवली. पंचबोलला आवाज घुमून घुमून परत येते, तिथं माझ्या मोठ्यानं शाळेतल्या एका सरांचं नाव घेऊन जे ओरडलं ते इथं लिहिता येत नाही, दरीनंही ते पुन्हा पुन्हा म्हणून दाखवलं. भीमकुंडाची गोष्ट मी रंगवून सांगितली, भीमानं कीचकाला मारून दरीत फेकलं, म्हणून कीचकदरा, त्याचं चिखलदरा झालं, आणि इथं भीमानं हात धुतले. भाचा दरीत वाकून बघत म्हणाला, मग पाणी कुठंय? मे महिना, धबधबा कोरडा ठाक. भाचीनंच उत्तर दिलं, "रक्त खूप होतं ना, संपलं सगळं धुण्यात." खरं सांगते, धबधबे पाहायचे असतील तर जुलै ऑगस्टमधेच जा, उन्हाळ्यात तिकडं हवा खायला जायचं, पाणी पाहायला नाही.

गाविलगडाला अर्धवटच केलं, दहा वाजून गेले होते आणि ऊन तिथंही ऊनच असते. 1803 च्या डिसेंबरात इंग्रजांनी भोसल्यांकडून हा किल्ला घेतला, हे यांनी सांगायला सुरुवात केली आणि ऐकायला कोणी नव्हतं, चौघंही एका तोफेवर घोडा घोडा खेळत होते. कॉफीची झाडं दाखवली, तर भाचीला विश्वासच बसेना की अमरावती जिल्ह्यात कॉफी पिकते, मलाही लग्नानंतरच कळलं होतं. मग रबडी. तिथले गवळी खवा अन् रबडी करतात, द्रोणात घेतली, आणि सकाळी जी पोरगी मरणाला टेकली होती तिनं दोन द्रोण संपवले. मी म्हटलं उतरताना परत तेच होईल. नाही झालं. वाघ दिसला नाही, मेळघाट म्हणजे 1973 ला देशात पहिल्यांदा जे नऊ व्याघ्रप्रकल्प निवडले त्यातला एक, पण वाघ काही रस्त्यावर येऊन उभा राहत नाही. वानेरं दिसली, एकानं आमच्या बिस्किटांचा पुडा नेला. पुण्यात जाऊन भाच्यानं त्या वानेराचा वाघ केला असणार.

रात्री मात्र सगळ्यात सोप्या. गच्चीवर पाणी मारायचं, वाफ निघून गेली की गाद्या टाकायच्या. आबाजी सप्तर्षी दाखवायचे, चार तारे म्हणजे म्हातारीची बाज, म्हणजे खाट, आणि मागचे तीन म्हणजे चोर, बाज चोरायला निघालेले. भाचा रोज रात्री विचारायचा, आज पकडले का चोर. लाईन गेली की गाव एकदम काळं व्हायचं आणि तारे दुप्पट व्हायचे, तेव्हा चौघंही गप्प, फक्त लहानी मधेच, "मम्मी, शू."

20 तारखेला बडनेऱ्याहून गाडीत बसवून दिलं, ताई घ्यायला आल्या होत्या. काल त्यांचा फोन आला, म्हणाल्या, "वहिनी, पोरं सारखी कुरडई कुरडई करतात हो, डबाभर पाठवा ना कोणाच्या हाती." मी डबा उघडून पाहिला. दर वर्षी काठोकाठ भरणारा तो मोठा पत्र्याचा डबा, त्यात एक हात खाली कुरड्या. म्हटलं ताई, तुमच्याकडंच आल्या ना सगळ्या, पोटात बघा.