वाई: गणपती आळी झकास, पांडवगडाचा घसारा नको रे बाबा

‘तासाभराचा चढ, शाळेतली पोरंही जातात,’ असं एका जुन्या ट्रेकर मित्राने सांगितलं, म्हणून वाईच्या मुक्कामात पांडवगड उरकून घ्यायचं ठरवलं. ती पोरं कुठल्या शाळेतली, ते मला एकदा कळायलाच हवं.

पायथ्याच्या धावडी गावातून निघालो आणि अडीच तासांनी वर पोचलो. सुरुवात ठीक. पुढे सोंडेवर मुरूम, त्यावर वाळलेलं गवत, मध्येमध्ये सुटे धोंडे. एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली. चढताना निदान हात टेकता येतात, उतरताना तेही नाही. मी दोनदा सरळ बुडावर घसरत आलो. आधाराला गवत धरू नका, मुळासकट हातात येतं. एकाच रेषेत उतरू नका, वरच्याने सोडलेला धोंडा खालच्याला शोधत येतो. मार्चात सावली नाही, माणशी तीन लिटर पाणी घ्या. टाकी आहेत, पण त्यांच्या भरवशावर जाऊ नका. पांडजाईचं देऊळ आणि धोम धरणाचं पाणी छान दिसतं म्हणे. मी उतरायची वाट बघण्यातच गर्क होतो. जायचंच तर डिसेंबरात, उजाडताच.

खाली आल्यावर दुसरा फटका. मेणवली वाईपासून जेमतेम 3 किमी, रिक्षावाल्याने जाऊन-येऊन 500 मागितले. पाय गेलेले, मुकाट दिले. तुम्ही देऊ नका, सकाळच्या उन्हात चालत पाऊण तास. नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट दोन्ही बघा, पण घाटावरची घंटा चुकवू नका: 1739 मध्ये वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चमधून आणलेली, अंगावर मेरी आणि बाळ येशू. पेशवाईतल्या देवळाच्या दारात ती टांगलेली बघून क्षणभर गुडघे विसरलो.

गणपती आळीत दोन दिवस मजेत गेले. ढोल्या गणपतीचं देऊळ पेशव्यांचे सरदार रास्त्यांनी 1762 मध्ये बांधलं. आतली मूर्ती सगळेच बघतात; तुम्ही वळसा घालून मागची भिंत बघा. कृष्णेच्या पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून ती माशाच्या आकाराची केली आहे. शेजारच्या काशीविश्वेश्वराचा नंदी गुळगुळीत काळा, तोही बघण्यासारखा. धोमचा नंदी कासवावर बसलाय, तिकडे मात्र वाहन करा.

आणि जुनी पँट घालून जा. माझी नवी होती.