गिऱ्हाचं हसू: खाडीतल्या खेळाची चित्रं काढताना आलेला माझा अनुभव

दर दुसऱ्या रविवारी नौपाड्यात माझ्या घरी आम्ही सहा जण फासे आणि कॅरेक्टर शीट्स, म्हणजे आपापल्या पात्रांची माहितीपत्रकं, घेऊन बसतो. प्रत्येकाने एक पात्र व्हायचं आणि गोष्ट बोलत बोलत खेळायची, असा हा खेळ. गोष्ट मी चालवते, म्हणजे डीएम (डन्जन मास्टर) मी. गेल्या पावसाळ्यात ठरवलं की आता परदेशी तळघरांतल्या गोष्टी पुरे, या खेळासाठी आपल्या ठाण्याच्या खाडीतलं साहस लिहायचं. मराठीत, चित्रांसकट, आणि छापायचंसुद्धा. लिहिणं महिन्याभरात संपलं, चित्रांना पाच महिने लागले. सगळं एकाच प्रश्नावर अडलं होतं: ही चित्रं गमतीदार असावीत का?

गोष्टीत एक गिऱ्हा आहे. कोकणातल्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी: बुडून मेलेल्या माणसाचं हे पाण्यातलं भूत, रात्रीच्या वाटसरूला चकवून खोल पाण्यात नेतं. त्याचे केस हाती लागले तर मात्र तो तुमचा चाकर होतो. आजी मालवणीत सांगायची, "गिऱ्हो आधी हसता, मगे बुडयता." माझ्या साहसाची सगळी मजा त्या केसांच्या सौद्यात होती. खेळाडूंनी त्याच्याशी बोलावं, घासाघीस करावी, फसावं, फसवावं.

पहिली चित्रं मी अगदी गंभीर काढली. काळी शाई, दाट हॅचिंग (सावलीसाठी ओढलेल्या जवळजवळच्या रेषा), खारफुटीच्या मुळांतून वर येणारा सांगाडा. आठवडाभर खपून काढलेलं ते चित्र मी टेबलावर ठेवलं आणि माझा चुलतभाऊ ताबडतोब म्हणाला, "मी भाला फेकतो." वीस बाजूंच्या फाशावर अठरा पडले. गिऱ्हा एक शब्दही न बोलता मेला. चूक दादाची नव्हती. चित्रानेच त्याला सांगितलं होतं की हा शत्रू आहे, याला मारायचं असतं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. बटाट्याएवढे डोळे, सुटलेलं पोट, डोक्यावर शेवाळाचा टोप. पानोपानी गंमत. रोहित पक्षी नावाड्याची टोपी पळवतोय, खेकडा तराजू धरून बसलाय. टेबल खूश झालं. गिऱ्हाशी सगळे बोलले, अर्धा तास घासाघीस चालली, मी मनातून सुखावले. पण पुढे नावाड्याची धाकटी मुलगी पाण्यात ओढली जाते तो प्रसंग आला. ते पान मी फार जीव लावून लिहिलं होतं. चित्रात तिचेही डोळे बटाट्याएवढेच होते. कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळेच हसले. मी तिथेच सेशन थांबवलं.

नंतर काही आठवडे मी पेन उचललं नाही, नुसती बघत आणि वाचत बसले. या खेळाच्या आरंभापासून गंमत त्याच्यासोबत आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली आला. १९७९ सालच्या, गोष्ट चालवणाऱ्यासाठीच्या नियमपुस्तकात विल मॅक्लीनची व्यंगचित्रं आहेत. एकात जादूगार आणि योद्धे टेबलाभोवती बसून एक काल्पनिक खेळ खेळतायत, त्यात ते नोकरदार आणि विद्यार्थी झालेत. नियमांच्या रुक्ष रकान्यांमध्ये ते चित्र बघून मला फार बरं वाटलं. कारण आपण खेळतो तेव्हा टेबलावर हसू असतंच. तीन तासांत एकदाही न हसलेली पार्टी, म्हणजे खेळाडूंची टोळी, मी पाहिलेली नाही. पुस्तकात मात्र नुसत्या आवळलेल्या मुठी आणि विजा असल्या, तर ते कुठल्या खेळाचं पुस्तक म्हणायचं?

त्याच खेळातला लोखंड गंजवणारा प्राणी हा मला सापडलेला सर्वांत चांगला दाखला. गायगॅक्सने स्वस्तातल्या प्लॅस्टिकच्या खेळण्यांतून एक विचित्र आकृती उचलली आणि तिचा राक्षस केला. शेपटीला पंख्यासारखं काहीतरी, एकूण रूप हसू यावं असं. पण त्याच्या मिशा तलवारीला लागल्या की तलवारीचा गंज होतो, आणि तो गंज हा प्राणी खातो. चिलखतवाला योद्धा त्याला पाहून आधी पळतो. रूप हसरं, पण धोका पूर्ण खरा. माझ्या दुसऱ्या चित्रात हा धोकाच उरला नव्हता.

डिसेंबरात वेरूळला गेले. रामेश्वर लेण्यात, म्हणजे एकवीस क्रमांकाच्या, शिव-पार्वती द्यूत खेळतायत आणि खाली बुटके गण नंदीला छळतायत. एकाच शिळेवर वर देव, खाली दंगा. मी तिथे बराच वेळ उभी होते. गण कितीही मस्ती करोत, देवांच्या चेहऱ्यावर शिल्पकाराने विनोद केलेला नाही. गमतीची जागा त्याने ठरवून दिली आहे. आमच्या गावच्या दशावतारातला संकासुरही असाच. वेद चोरणारा असुर, पण मालवणीत असा बोलतो की मंडप खदखदतो, आणि पहिल्या रांगेतली पोरं तरीही आईला बिलगतात.

परत आल्यावर तिसऱ्यांदा बसले. गिऱ्हाचं शरीर पहिल्या चित्रातलं घेतलं, माणसाच्या मापाचं, बुडून फुगलेलं. विनोद त्याच्या वागण्यात आणला: तो पाण्यात उभा राहून लाकडी फणीने केस विंचरतोय, आल्यागेल्याकडे बघून मनापासून हसतोय. पाय दिसत नाहीत. पाण्याच्या रेषा मात्र मी कोलशेतच्या बाजूला खाडीकाठी बसून समोर बघून काढल्या, कारण पाणी खोटं वाटलं असतं तर सगळंच खोटं ठरलं असतं. नावाडी आणि त्याची मुलगी साधी, जशी माणसं असतात तशी.

आणि समासात निवट्या घातल्या. आपल्या खाडीतला हा मासा चिखलावर सरपटत, उड्या मारत फिरतो, डोळे डोक्याच्या वर. मुद्दाम काही विनोदी करावंच लागत नाही. पहिल्या पानापासून त्या समासात भांडतायत, पडतायत, पार्टीची नक्कल करतायत. सतराव्या पानावर एकच उरते. मुलगी ओढली जाते त्या एकोणिसाव्या पानाचा समास कोरा आहे.

एक गोष्ट काम करतानाच कळली. टेबलावरचा विनोद बोलून विरतो, चित्रातला तिथेच राहतो आणि चौथ्यांदा पान उघडलं की शिळा लागतो. म्हणून निवट्यांच्या तोंडी एकही वाक्य घातलं नाही.

छपाई सोपी गेली. ए-फाइव्ह, बत्तीस पानं, मध्ये पिना, काळीपांढरी. पहिल्या प्रुफात हॅचिंग भरून काळं झालं, म्हणून रेषा विरळ केल्या. चाळीस प्रती काढल्या.

गेल्या रविवारी नवीन मंडळी खेळायला आली होती, त्यात शेजारच्या काकूंचा बारावीतला मुलगा. अकरावं पान त्याच्यासमोर धरलं. फणी बघून तो मोठ्याने हसला. मग चित्र जवळ ओढून जरा वेळ बघत राहिला.

"ताई, इथे पाणी किती खोल आहे?"

"तू उभा आहेस तिथे गुडघाभर," मी म्हटलं, आणि फासा त्याच्या हातात दिला.