चावी

आज मांडवीत कपाटाची चावी करून घ्यायला गेले तर चावीवाले चाचा म्हणे, बेन जरा थांबा, आधी चर्चचं कुलूप, उद्या रविवार आहे ना. बसले मग स्टुलावर, चहा पण त्यांनीच मागवला (साखर भयंकर!). कानस घासता घासता पितळेचा बारीक चुरा त्यांच्या पांढऱ्या दाढीत अडकत होता. मला एकदम जेरुसलेम आठवलं, तिथे येशूच्या कबरीवर जे मोठं चर्च आहे ना त्याची चावी जूदेह नावाचं मुसलमान घराणं सांभाळतं आणि दार उघडतं दुसरं घराणं, नुसैबेह, तेही मुसलमानच, शेकडो वर्षं चाललंय हे. चाचांना सांगितलं तर म्हणाले, एवढं जुनं कुलूप, मग तेल कोण घालतं?