डायलिसिसनं माणूस झिजतो का?

हा प्रश्न बहुतेकदा नातेवाईक विचारतात, तोही पेशंटच्या कानावर जाणार नाही अशा बेतानं. उत्तर आहे, हो, झिजतो. पण मूत्रपिंडांऐवजी रक्त गाळणारं हे मशीन जे करतं त्यापेक्षा मशीनला जे जमत नाही त्यामुळे जास्त. आठवड्याचे तास १६८, आणि चार-चार तासांचे तीन डायलिसिस झाले तरी मशीन चालतं १२ तास. खर्चापायी दोनच केले तर ८. उरलेल्या वेळात पाणी, पोटॅशियम, फॉस्फरस साठत राहतं.

पहिला मार हृदयावर. १९६० मध्ये सिएटलला डॉ. स्क्रिब्नर यांनी क्लाइड शील्ड्स या पेशंटवर दीर्घकाळचा डायलिसिस सुरू केला. तो अकरा वर्षं जगला आणि गेला हृदयविकारानं. आजही डायलिसिसच्या पेशंटच्या मृत्यूचं सर्वांत मोठं कारण तेच. दोन डायलिसिसच्या मध्ये वाढलेलं वजन म्हणजे पाणी. ते रेटून रेटून हृदयाचा डावा कप्पा जाड होतो, आणि मग चार तासांत ते सगळं ओढून काढायचं! पाणी काढण्याचा वेग दर किलो वजनामागे तासाला १३ मिलीच्या आत राहावा म्हणतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाचं चार तासांत जेमतेम ३ लिटर. साडेचार किलो वाढवून आलं की बीपी पडतं, पायात गोळे येतात, हृदयाच्या स्नायूलाही रक्त अपुरं पडतं. ‘आज सगळं काढून टाका’ म्हणण्यापेक्षा अर्धा-एक तास वाढवून मिळतो का ते विचारा.

घरचे पाण्याचे पेले मोजतात आणि ताटात लोणचं-पापड वाढतात. पोटात मीठ गेलं की तहान लागणारच. सैंधवही मीठच. ‘लो सोडियम’ मीठ तर घरात आणूच नका. त्यात काही सोडियमऐवजी पोटॅशियम असतं, आणि ते वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. शहाळ्याचं पाणीही त्याच कारणानं नको. सोम-बुध-शुक्र पाळी असेल तर शुक्रवार ते सोमवार हा मोठा खंड सर्वांत धोक्याचा. लग्नसराईतली पंगत नेमकी रविवारी असते.

हाडांचं दुखणं फॉस्फरसपासून सुरू होतं. दिवसाच्या जेवणात तो साधारण १००० मिलिग्रॅम असतो, आणि एका डायलिसिसमध्ये निघतो फार तर तेवढाच. म्हणून सेव्हेलॅमर किंवा कॅल्शियम ॲसिटेटच्या गोळ्या देतात. त्या अन्नातच फॉस्फरसला धरतात, त्यामुळे जेवताना, घासाबरोबरच घ्यायच्या. रात्री झोपताना बाकीच्या गोळ्यांबरोबर घेतल्या तर वाया जातात. ही चूक इतकी नेहमीची आहे की फॉस्फरस वाढलेला दिसला की डोस वाढवण्याआधी ‘कधी घेता?’ हे विचारावं. फॉस्फरस चढला की मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी चेतवल्या जातात आणि हाडांतलं कॅल्शियम ओढून काढतात. हाडं ठिसूळ, रक्तवाहिन्या कडक, आणि अंगाला अशी खाज की झोप उडते.

साधारण दहा वर्षांनंतर एक निराळी तक्रार येते: रात्री बोटांना मुंग्या, आडवं झालं की खांदा ठणकणं. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन नावाचं प्रथिन साध्या डायलायझरच्या, म्हणजे मशीनला जोडलेल्या रक्ताच्या गाळणीच्या, छिद्रांतून नीट निघत नाही. ते सांध्यांत आणि मनगटात साचून नस दाबतं. मोठ्या छिद्रांच्या, म्हणजे हाय-फ्लक्स, डायलायझरनं साचण्याचा वेग कमी होतो. मनगटाची नस छोट्या शस्त्रक्रियेनं मोकळी करता येते, मात्र आधी साठलेलं सहसा जात नाही.

अंगावरचं मांस उतरण्यात मात्र बराच वाटा घरच्या पथ्याचा असतो. डायलिसिसआधी डॉक्टरांनी प्रथिनं कमी करायला सांगितलेली असतात, आणि तेच पथ्य पुढे वर्षानुवर्षं चालू राहतं. डायलिसिस सुरू झाला की गरज उलट वाढते: किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम, कारण दर वेळी काही ग्रॅम अमिनो आम्लं मशीनमधून वाहून जातात. ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. वरण-भातावर हे भागत नाही. अंड्याचा पांढरा भाग चालतो, त्यात फॉस्फरस फारच कमी. एका अंड्यातून साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रथिन मिळतं. अंडं न खाणाऱ्यांनी पनीर, डाळ किती घ्यायची ते आहारतज्ज्ञाकडून फॉस्फरस-पोटॅशियमचा रिपोर्ट समोर ठेवून ठरवून घ्यावं.