मंद्रूपचं रान नको, तामलवाडीचा माळ बघा : आरसी विमान घेऊन सोलापूरबाहेर जाणाऱ्यांसाठी

आधी निकाल सांगते. मंद्रूपकडे जाऊ नका. तामलवाडीच्या माळावर जा, पहाटेच जा, आणि टेम्पोचं भाडं थांबण्याच्या वेळेसकट ठरल्याशिवाय विमान आत ठेवू नका.

आठ महिने खपून आमच्या कॉलेजच्या टीमनं १.८ मीटर पंखाचं, बाल्सा या हलक्या लाकडाचं, रिमोटवर उडणारं (आरसी) विमान बनवलं. ते हवेत जायच्या आधी टेम्पोत मोडलं. पुढच्या बॅचवर ही वेळ येऊ नये म्हणून लिहितेय. सर्व्हो (पंखाचे-शेपटीचे पट्टे हलवणारी छोटी मोटर) सेंटर करणं, लायपो बॅटरी बॅलन्स चार्ज करणं, रेंज चेक (रिमोटचा सिग्नल किती लांब पोचतो ते बघणं) हे सगळं तुम्हाला येतं असं धरलंय.

कॉलेजच्या ग्राउंडवरच का नाही उडवलं, असं घरचे अजून विचारतात. होटगी रोडच्या विमानतळावरून २०२५ च्या जूनमध्ये गोव्याची विमानसेवा सुरू झाली. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांच्या वर जायला परवानगी लागते, त्याहून जवळ आलात तर जमिनीपासूनच. म्हणजे जवळपास सगळं शहर बाद. डिजिटल स्काय या सरकारी साइटवरचा नकाशा उघडा आणि हिरव्या झोनमधली जागा शोधा, तिथं ४०० फुटांपर्यंत अडचण नाही. शेतमालकाची परवानगी मात्र लेखी घ्या. उत्तरेला नान्नजचा माळ सपाट दिसतो, पण ते माळढोकाचं अभयारण्य आहे. तिकडं विमान न्यायचंच नाही.

मंद्रूपचं रान आम्हाला एका ओळखीच्यानं सुचवलं. "एकदम सपाट, डांबरी रस्ता थेट बांधापर्यंत," हे त्याचे शब्द. एप्रिलचा दुसरा आठवडा होता. छोटा हत्ती ठरवला, जाऊन-येऊन १,२०० रुपये. विजापूर रोडनं मंद्रूपपर्यंत काहीच त्रास नाही, चौपदरी रस्ता आहे.

तिथून आत वळलो आणि डांबर संपलं. शेवटचे तीन किलोमीटर बैलगाडीची वाट. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या उन्हात वाळून दगडासारख्या झालेल्या. टेम्पो एका चाकोरीतून दुसरीत आपटत होता. मी हौद्यात पंख मांडीवर घेऊन बसले होते. अर्ध्या वाटेत एका आदळ्याला पंखातून 'कट्ट' असा बारीक आवाज आला. वरून फिल्म (पंखावरचं पातळ प्लास्टिक) तशीच ताणलेली, काही दिसेना. बोटानं एकेक रिब (पंखाची आतली फासळी) दाबत गेले, तर मुळापासून तिसऱ्या रिबवर फिल्म आत गेली. खाली बाल्सा उभा चिरला होता. शेपटीकडच्या सर्व्होचा एक दातही तिथंच गेला, तो पोचल्यावर कळला.

रानात पोचलो तर ज्वारीची धसकटं तशीच उभी आणि जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. काळ्या जमिनीत एप्रिलमध्ये हेच असणार, हे आमच्यापैकी शेतकऱ्याघरच्या दोघांना तरी आधी सुचायला हवं होतं. धसकटं उपटून ४५ मीटरची पट्टी करेपर्यंत अकरा वाजले. रिबला बाल्साचा तुकडा लावून फेविक्विकनं जोडलं (बाल्साला चालतं, थर्माकोलच्या पंखाला लावू नका, विरघळतो). दीड किलो वजन टाकून ३.६ किलोचं विमान सोडलं. ते पट्टी संपेपर्यंत पळालं, पण चाक उचललंच नाही. शेवटी चाक भेगेत गेलं आणि पुढचा लँडिंग गिअर फायरवॉलसकट (मोटर बसवतात त्या पुढच्या पाटीसकट) उखडला.

त्या रात्री गणित परत मांडलं. आम्ही हवेची घनता पुस्तकातली घेतली होती, १.२२५ किलो प्रति घनमीटर. ती समुद्रसपाटीची आणि १५ अंशांची. सोलापूर साधारण ४८० मीटर उंचीवर आहे आणि पारा त्या वेळी ४० ला टेकलेला. घनता निघाली १.०६ च्या आसपास, म्हणजे तेवढ्याच वेगाला लिफ्ट (विमान उचलणारा जोर) १३ टक्के कमी. स्टॉल स्पीड (ज्याच्या खाली विमान हवेत राहत नाही तो वेग) ९.१ वरून ९.८ मीटर प्रतिसेकंदावर गेला. प्रोपेलरचा थ्रस्टही (पुढं ओढणारा जोर) कमी पडतो, त्यामुळे कागदावरची २८ मीटरची धाव ३७ वर जाते, तीसुद्धा डांबरी धावपट्टीवर. ढेकळांचं घर्षण वेगळंच. डिझाइन रिपोर्टमध्ये पहिल्या पानावर सोलापूरची घनता लिहा. हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं.

परत येऊन उतरल्यावर टेम्पोवाल्यानं २,१०० मागितले. "वेटिंग लागतं की." चाकोऱ्यांमुळे पाटा गेला, असंही म्हणाला. विमान मोडलेलं, आठही जण उन्हानं करपलेले, भांडायला अंगात त्राण नव्हतं. दिले. तुम्ही देऊ नका. निघण्याआधी किती तास थांबायचं आणि शेवटचा रस्ता कच्चा आहे, हे दोन्ही बोलून घ्या आणि ठरलेला आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून "हो" असं उत्तर घ्या.

नंतरचे बारा दिवस दुरुस्तीत गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

तुळजापूर रस्त्याला तामलवाडीच्या थोडं पुढं मुरमाड माळ आहे. या वेळी दोघी आदल्या दिवशी स्कूटीवर जाऊन शेवटचा रस्ता डोळ्यांनी बघून आलो. हे केल्याशिवाय कुठंच जाऊ नका. पंख दोन तुकड्यांत, प्रत्येकाखाली जुनी सोलापुरी चादर चार घड्या करून, वर दोरी नाही, नुसता माणसाचा हात. दोरी आवळली की आदळा थेट स्पारला (पंखाच्या मुख्य दांड्याला) बसतो.

सव्वासहाला उतरलो, पारा २५. सीजी (गुरुत्वमध्य) रिकाम्या विमानाचा आणि वजन टाकून असा दोनदा तपासला, दोन्ही वेळा कॉर्डच्या (पंखाच्या पुढून मागच्या रुंदीच्या) २८ टक्क्यांवर. सहा चाळीसला थ्रॉटल दिला. साधारण तीस-पस्तीस मीटरवर नाक उचललं आणि चाकं मुरमावरून सुटली. त्या क्षणी आम्ही सगळे ओरडत होतो आणि पायलटचा हात मात्र स्टिकवर अजिबात हलला नाही. चार मिनिटं, पाच फेऱ्या, दीड किलो वजन आत, आणि गुळगुळीत लँडिंग. मी रडले. ३,००० रुपये लागले असते तरी त्या सकाळी मी दिले असते. मे महिन्यातही जा, खुशाल जा!

फक्त साडेआठला आवरा. त्यानंतर माळावर वावटळी उठतात, त्यात उडवायला सोपं वाटणारं विमानही सांभाळता येत नाही, आणि बंद टेम्पोत लायपो फुगतात. पाण्याचे दोन कॅन इथूनच न्या, माळावर थेंब नाही. शेतमालकाला रात्री फोन करून ठेवा. सातच्या सुमारास त्याची गुरं बाहेर पडतात आणि त्यांची वाट आपल्या धावपट्टीवरूनच जाते.