दवबिंदूच्या शेजारी कोळी

मंगळवार, सकाळी

हरितगृहाचं दार उघडलं आणि आत टाकलेलं पाऊल तसंच मागे घेतलं. दवबिंदूच्या, म्हणजे चिकट पानांनी किडे धरणाऱ्या रोपांच्या, ट्रेच्या बरोबर वर, माझ्या छातीच्या उंचीला, रात्रीतून एक जाळं उभं राहिलं होतं. काल संध्याकाळी पाणी बघायला आले तेव्हा तिथे एक धागाही नव्हता. जाळ्याच्या मधोमध ती, डोकं खाली करून. आठही पाय दोन-दोनच्या जोड्यांनी असे ताणलेले की लांबून चारच पाय आहेत असं वाटावं. त्या पायांच्याच रेषेत पांढऱ्या रेशमाची नागमोडी वीण. सिग्नेचर स्पायडर या कोळ्याची मादी. ती वीण कशासाठी असते यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. कोणी म्हणतं तिच्या चमकीने किडे ओढले जातात, कोणी म्हणतं पक्ष्यांना जाळं दिसावं आणि त्यांनी ते मोडू नये म्हणून. मला दोन्ही पटतं.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मनात आलं ते तिला अलगद उचलून बाहेर सोडण्याचं. या ट्रेमधल्या रोपांना मी खत घालत नाही, घालून चालतच नाही. त्यांची मुळं नत्र जवळजवळ नसलेल्या दलदलीत वाढायला घडलेली आहेत, साध्या बागेच्या मातीतही ती टिकत नाहीत. पीट मॉस (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ), परलाइटचे हलके पांढरे खडे आणि ट्रेमध्ये दोन बोटं पावसाचं पाणी, बस. नत्र मिळायचं ते किड्यांमधून. आणि त्या किड्यांच्या वाटेवरच हिने ठाण मांडलेलं.

पाण्याच्या बाबतीत मी एकदा चुकले आहे, म्हणून रोपांच्या पोटापाण्याचा प्रश्न आला की जीव लगेच धास्तावतो. एका वर्षी साठवलेलं पावसाचं पाणी संपलं आणि मी सरळ नळाचं घालत राहिले. काही आठवड्यांत व्हीनस फ्लायट्रॅपची, म्हणजे किड्यावर पान मिटून घेणाऱ्या रोपाची, पानं कडेपासून काळी पडायला लागली. पाण्यातले क्षार पीटमध्ये साठत जातात आणि मुळांना ते सोसत नाहीत, हे समजेपर्यंत रोप हातचं गेलं होतं. आता पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर कायम खिशात असतो आणि ५० च्या वर आकडा दिसला की ते पाणी बाकीच्या झाडांना.

तिला आज हलवलं नाही. दोन दिवस नुसतं बघायचं ठरवलंय.

गुरुवार

पहाटेच भिंग घेऊन बसले. काचेवर आतून ओल धरली होती, हवा दमट. आधी दवबिंदूचं पान पाहिलं. पानावर लाल देठांचे बारीक केस, प्रत्येकाच्या टोकावर चिकट रसाचा एक थेंब. भिंगाखाली तो थेंब इतका नितळ की त्यात खिडकीची चौकट उलटी दिसते. मग भिंग तसंच वर जाळ्याकडे नेलं. मधून निघणारे आरे कोरडे, नुसते ताणलेले. पण त्यांच्यावरून फिरत गेलेला जो वर्तुळाकार धागा आहे, त्यावर थेंबच थेंब, एकसारख्या अंतरावर, बारीक मण्यांची माळ ओवल्यासारखे.

किती तरी वेळ मी नुसतं खाली-वर बघत राहिले. एक वनस्पती, एक अष्टपाद जीव. दोघांचं नातं शोधायला कोट्यवधी वर्षं मागे जावं लागेल, आणि दोघांनीही शिकार धरायला डिंकाचे थेंबच निवडले. डिंक मात्र वेगवेगळा. पानावरचा शर्करांच्या लांब साखळ्यांचा, जाळ्यावरचा प्रथिनांचा. जाळ्याच्या डिंकात असे क्षार असतात की तो हवेतली ओल ओढून घेतो आणि त्यामुळे ओला, चिकट राहतो. म्हणूनच आज पहाटे ते मणी इतके टपोरे दिसत होते. माझ्या हरितगृहातली ओल मी रोपांसाठी राखते, तिचा वाटा या कोळिणीलाही मिळतोय.

खाण्याची रीतही तीच. दोघंही शरीराबाहेर पचवतात. ती शिकारीवर पाचकरस सोडते आणि विरघळलेलं शोषून घेते, दवबिंदूही पानावर तेच करतो. तोंड नसलेल्या वनस्पतीला हे जमतं, याचं मला दर वेळी नव्याने नवल वाटतं. डार्विनला तर या रोपाने वर्षानुवर्षं झपाटून टाकलं होतं. १८७५ साली त्याने कीटकभक्षी वनस्पतींवर आख्खं पुस्तक लिहिलं, त्यातला मोठा भाग या दवबिंदूवरच आहे. साखरेचं पाणी, दूध, अंड्याचा बलक नसलेला पांढरा भाग, असं एकेक पानावर ठेवून त्याने पाहिलं की नत्र असलेल्या द्रवालाच केस वाकून प्रतिसाद देतात.

एका गोष्टीत मात्र दोघांची वाट वेगळी होते. ती रोजच्या रोज जुना चिकट धागा खाऊन टाकते आणि नवा विणते, रेशीम वाया जात नाही. रोपाला असं पान मोडून पुन्हा घडवता येत नाही. फ्लायट्रॅपचा एक सापळा आयुष्यात मोजक्याच वेळा मिटू शकतो, मग तो काळा पडून गळतो. म्हणून तर त्याला इतकी सावधगिरी: आतल्या केसांना साधारण वीस सेकंदांत दोनदा स्पर्श झाला तरच मिटायचं, आणि मिटल्यावरही आत धडपड सुरू राहिली तरच पाचकरस सोडायचा. पावसाच्या एका थेंबावर पान खर्ची घालणं त्याला परवडत नाही. पाहुण्यांची मुलं मजा म्हणून सापळ्यात काडी घालतात तेव्हा मी हात धरते, ते यासाठी.

शनिवार

तीन दिवस नोंद ठेवली. रोज संध्याकाळी पानांवर काय चिकटलंय आणि जाळ्यात काय गुंडाळलंय ते मोजायचं.

दवबिंदूच्या पानांवर: चिलटं. पीटमधून निघणारी ती काळी, किरटी चिलटं, आणि एक पंख असलेली मुंगी. जाळ्यात: दोन घरमाश्या, एक मधमाशी, एक छोटा नाकतोडा. चिलट जाळ्यात क्वचितच. दोन वळणांमधल्या फटीतून ती आरामात निघून जातात, आणि एखादं अडकलं तरी कोळीण जागची हलत नाही. माशी आदळली की मात्र धावते, आधी रेशमाचा रुंद पट्टा फेकून तिला गुंडाळते आणि मग चावते.

म्हणजे माझी भीती या ट्रेपुरती तरी खोटी निघाली. ती भीती अगदीच निराधार होती असंही नाही. फ्लोरिडात अशाच दवबिंदूंवर आणि जमिनीलगत जाळं पसरणाऱ्या लांडगा कोळ्यांवर झालेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. दोघं एकाच खाद्यावर जगतात आणि त्या स्पर्धेची झळ रोपांना बसते, असं त्यात दिसलं. पण ते कोळी पानांच्याच पातळीवर शिकार करतात. ही वर, मोठ्या माश्यांच्या वाटेवर बसलीय.

ज्यांचं खरंच नुकसान होत होतं त्या सॅरेसेनिया, नळीसारख्या पानांत किडे धरणाऱ्या. त्यांच्या उभ्या नळ्यांना माश्याच लागतात आणि त्या ट्रेच्या अगदी शेजारीच होत्या. सॅरेसेनियांचा ट्रे आज उचलून पलीकडच्या कोपऱ्यात, उन्हाच्या बाजूला नेला. तिथे वरचा झरोकाही जवळ आहे. घटपर्णीची टांगलेली कुंडी जिथे होती तिथेच ठेवली. तिच्या घटांच्या तोंडाशीच राहणारे कोळीही आग्नेय आशियाच्या जंगलांत असतात. धोका वाटला की ते धाग्याला धरून सरळ आतल्या पाण्यात उतरतात. माझ्या घटपर्णीत तसं कोणी नाही, तरी आज सगळे घट वाकून वाकून पाहिले.

रविवार

दवबिंदूला फुलाचा दांडा आलाय, वीतभर उंच. पानांपासून फुलं इतकी वर, कारण परागण करायला येणारा किडाच खाली चिकटला तर बी कुठून धरायचं. दांड्याच्या वरच्या भागावर डिंक नाही.

आज सकाळी पाहिलं तर जाळ्याचा खालचा एक ताण तिने बरोबर त्या दांड्याला बांधलाय. दांडा किंचित तिच्या बाजूला झुकलाय, आणि टोकावरची पहिली कळी उघडायच्या बेतात आहे. ती मध्यावर, पाय पसरून. जाळ्याच्या वरच्या कडेला एक इवलासा, तपकिरी नर येऊन थांबलाय, तिच्या पावपटही नसेल. अधूनमधून तो धागा हलकेच छेडतो आणि पुन्हा स्तब्ध होतो.

ट्रे उन्हासाठी अर्धा फिरवायचा आजचा दिवस होता. फिरवला नाही. लांब चोचीची झारी खालून सरकवून पाणी भरलं आणि दार हळू ओढून घेतलं.